शिवणीतली माया

पत्राचा सारांश : नाशिकच्या सिडकोतून एका ५१ वर्षांच्या ताईंचं चार पानी पत्र आलं आहे. त्या घरीच ब्लाउज शिवतात, फॉल-पिको करतात. यजमान अंबडच्या एका कारखान्यात. मुलगा २६ वर्षांचा, चार वर्षांपासून पुण्यात, हिंजवडीला नोकरी करतो. मुलगी २० वर्षांची, कॉलेजात आहे, घरीच राहते. मुलं लहान होती तेव्हा माझ्याशिवाय त्यांचं पान हलत नसे, आता मी त्यांना नकोशी झाले, असं ताई म्हणतात. मुलाला रोज रात्री नऊला फोन करतात, तो ‘हो’, ‘नाही’, ‘जेवलो’ यापुढे जात नाही. त्याने नोकरी बदलली, तेही बहिणीच्या मुलाकडून कळलं. थंडीत डिंकाचे लाडू करून ट्रॅव्हल्सच्या गाडीने पाठवले, तर महिन्याभराने तो घरी आला तेव्हा डबा तसाच बॅगेतून निघाला. झाकण उघडलं तर लाडवांवर बुरशी. मुलगी खोलीचं दार लावून घेते, ‘टकटक करून ये’ म्हणते. यजमान म्हणतात, सोड आता, मोठी झाली ती. हल्ली ताईंना झोप लागत नाही, कारण नसताना डोळे भरून येतात. त्यांनी विचारलंय : ‘माझी माया आटलेली नाही. पण ती घेणारंच कुणी उरलं नाही. मग ती दाखवू कशी?’

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना त्या बुरशी आलेल्या लाडवांपाशीच अडकले. डिंकाचे लाडू काय मागतात ते करणारीलाच ठाऊक. डिंक थोडा थोडा करत तुपात फुलवायचा, घाई केली तर आत कच्चा राहतो आणि दाताला चिकटतो. खारीक कुटायची, खोबरं किसून भाजायचं. गुळाचा पाक जरा पुढे गेला की लाडवांचे दगड. आणि वळायचे ते गरम असतानाच, तळहात लाल होईपर्यंत. एवढं करून डबा तसाच परत येतो तेव्हा काय होतं, हे मी ‘जाऊ द्या हो, मुलं अशीच असतात’ म्हणून उडवून लावणार नाही. लागतंच ते.

दुसऱ्यांदा वाचलं ते तुमच्या मुलाच्या जागी बसून. तुम्ही नाशिकच्या द्वारका चौकात ड्रायव्हरच्या हातात डबा दिलात आणि मुलाला गाडीचा नंबर कळवलात. म्हणजे डबा उतरला नाशिक फाट्याला. (पुण्यातल्या ज्या चौकाला आपल्या गावाचं नाव आहे, तिथे आजवर नाशिकच्या किती आयांचे डबे उतरले असतील, कोण जाणे.) ऑफिस सुटायच्या गर्दीत हिंजवडीहून तिथवर यायचं, गाडी उशिरा म्हणून पुलाखाली उभं राहायचं, ड्रायव्हरला फोनवर फोन, मग डबा घेऊन पुन्हा तेवढीच वाट. संध्याकाळ गेली. पण तो गेला, थांबला, डबा घेऊन आला. ही गोष्ट तुमच्या चार पानांत कुठेच नाही.

शिवाय लाडू कचऱ्यात टाकून, डबा घासूनपुसून आणून ‘मस्त झाले होते आई’ म्हणणारी मुलंही असतात. मला माहीत आहेत. तुमच्या मुलाला ते जमलं नाही. एवढे लाडू त्याला खायचे नव्हते आणि टाकवतही नव्हते, म्हणून डबा कपाटावर राहिला आणि पुढे पुढे त्याच्याकडे बघायची चोरी झाली, असा माझा अंदाज. खरं काय ते त्यालाच विचारा, पण तो डबा समोर आपटून नको.

आता तुमच्याच पत्राचं तिसरं पान. तिथे तुम्ही सहज लिहून गेलात की तुमची आई, वय वर्षं ७५, अजून दर उन्हाळ्यात सटाण्याहून कुरडया पाठवते, मागच्याच वर्षीच्या माळ्यावर पडून आहेत, आणि तुम्ही तिला फोनवर सांगता, ‘अगं, कधीच संपल्या!’ ती बाई गहू तीन दिवस भिजत घालते, रोज पाणी बदलते, वाटून चीक काढते, शिजवताना गुठळी होऊ नये म्हणून हात भरून येईपर्यंत घाटते, आणि डोक्यावर पदर घेऊन गच्चीत सोऱ्या फिरवत बसते. आणि कुरडया माळ्यावर. मग तुम्हाला आई नकोशी झाली का? नाही ना. डॉक्टरांनी यजमानांचं तळलेलं बंद केलं, मुलगा घरात नाही, मुलीला आवडत नाही. हे तिला सांगितलं तर तिला वाईट वाटेल, म्हणून तुम्ही खोटं बोलता. तुमचा मुलगा अगदी तुमच्यावर गेलाय. फक्त त्याला अजून नीट खोटं बोलता येत नाही.

‘घेणारंच कुणी उरलं नाही’ असं तुम्ही लिहिता, तेव्हा माया म्हणजे काहीतरी देणं आणि देणारी कायम आई, हे तुम्ही धरूनच चालला आहात. मुलं लहान असतात तोवर ते खरंही असतं. दूध, दात, ताप, वेणी, डबा, गृहपाठ, सगळं हातानेच चालतं. पंधरा-सोळा वर्षं आपल्या हातांना हीच एक बोली येते. मग कधीतरी मुलाचं जेवण मेसमध्ये, कपडे मशीनमध्ये, आणि ताप आला तर गोळीचं नाव आपल्याआधी त्याला माहीत. काम संपतं. पण काम आणि जीव लावणं ही दोन इतकी एकात एक गुंतलेली असतात की एक गेलं की दुसरंही गेलं असं वाटायला लागतं.

यात तुमची एकटीची चूक नाही. मराठीत आई म्हटली की जे चित्र डोळ्यापुढे येतं, त्यात मूल लहानच असतं. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली ती आपल्याच नाशिकच्या तुरुंगात, फेब्रुवारी १९३३ मध्ये, पाच दिवसांत. आपण सगळे त्या आईवर वाढलो. पण श्याम शिकत असतानाच ती जाते. पोरगा सव्वीस वर्षांचा झाला, आईला न विचारता नोकरी बदलून बसला आणि वर ‘नंतर बोलतो’ म्हणाला, तर तिने काय केलं असतं, हे आपल्याला कुणी सांगितलेलंच नाही. ‘घार हिंडते आकाशी, चित्त तिचे पिलापाशी’ असं म्हणतो आपण. पिल्लू उडायला लागल्यावर घारीने काय करायचं, ते त्यात येत नाही.

कोंबडीचं मात्र मी पाहिलंय. माझं आजोळ निफाड तालुक्यातलं. अंगणात मांजर आलं तरी अंगावर धावून जाणारी, सगळी पिल्लं पंखाखाली घेऊन बसणारी तीच कोंबडी, काही आठवड्यांनी पिल्लू दाण्यापाशी आलं की चोचीने टोचून त्याला लांब पाठवते. लहानपणी मला तिचा फार राग यायचा. पुढे डोनाल्ड विनिकॉट या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाचं म्हणणं वाचलं आणि कोंबडी आठवली. हे गृहस्थ मनोविश्लेषकही होते. १९५३ च्या एका निबंधात त्यांनी ‘पुरेशी चांगली आई’ ही कल्पना मांडली. तान्ह्या बाळाच्या गरजेशी आई आधी जवळजवळ पूर्ण जुळवून घेते, आणि बाळाला जसजसं सोसता येऊ लागतं तसतशी ती बेताबेताने कमी पडत जाते. हे कमी पडणंसुद्धा तिच्या कामाचाच भाग. ते तान्ह्या बाळांबद्दल बोलत होते. सव्वीस वर्षांच्या बाळांना ते लावायची मोकळीक मी घेतेय.

म्हणजे यजमान म्हणतात तेच खरं, ‘सोड’? नाही, तेही मला पटत नाही. सोडायचं म्हणजे करायचं काय, ते कुणी सांगत नाही. काळजी काय पंख्याचं बटण आहे?

ताई, याचं उत्तर तुमच्या मशीनवर आहे. वाढत्या अंगाच्या मुलीचं पोलकं बेतताना तुम्ही दोन्ही बगलांना आतून इंच-दीड इंच कापड जास्तीचं ठेवता. त्याला आपण काय म्हणतो? माया. ‘जरा माया ठेव गं आत, पुढच्या वर्षी उसवता येईल,’ असं गिऱ्हाईकच आपल्याला बजावतं. ती माया बाहेरून दिसत नाही. शिवलं त्या दिवशी तिचा काही उपयोगही नसतो. पण अंग भरलं की टीप उसवून कपडा सैल करता येतो तो तिच्या जिवावर. माया कापून टाकली असेल तर पोलकं एक तर फाटतं, नाहीतर ट्रंकेत जातं. आपल्या भाषेने दोन्हींना एकच शब्द का दिला असेल, ते मला माहीत नाही. पण गेली दहा-बारा वर्षं मुलं मोठी झालेल्या आयांची पत्रं वाचताना मला हा शिंप्याचा शब्दच जास्त कामी आलाय.

तुमची माया आहे, ती आत आहे, भरपूर आहे. टीप मात्र अजून जुन्याच मापावर आहे. ती उसवायची म्हणजे काय, ते फोनपासून बघू.

रात्री नऊचा फोन तुम्ही पत्रात जसाच्या तसा उतरवलाय. जेवलास का? काय जेवलास? बाहेरचं का? झोपलास कधी काल? गाडी सावकाश चालवतोस ना? पाऊस आहे का तिकडे? सहा प्रश्न. त्यातला एकही वाईट नाही, पण सहाच्या सहा मिळून हजेरी होते, आणि हजेरीला माणूस ‘हजर’ एवढंच म्हणतो. तुम्हाला वाटतं तो बोलत नाही. पण तुम्ही तरी त्याला काय सांगता? पत्राच्या समासात तुम्ही मला लिहिलंय की पाथर्डी फाट्याच्या एका लग्नघरचे अकरा ब्लाउज एकदम आले आणि ऐन घाईत मशीनची मोटर जळाली. ती मोटर मुलानेच पहिल्या पगारातून बसवून दिली होती, ‘पायाने किती मारशील, गुडघे जातील’ म्हणून. त्याला वाईट वाटेल, म्हणून तुम्ही हे त्याला सांगितलंच नाही. हे मी वाचलं आणि कपाळाला हात लावला. मुलगा नोकरीचं लपवतो, तुम्ही मोटरचं लपवता, तुमच्या आईपासून कुरडया लपवल्या जातात. सगळं कुटुंब एकमेकांना वाईट वाटू नये म्हणून गप्प!

आजच्या फोनवर त्याला सांगा, मोटर जळाली. अकरा ब्लाउज पायाने मारले, गुडघा ठणकतोय. नवीन कोणती घेऊ, जरा बघून सांग. आणि ती मोटर चालू होती तोवर किती ब्लाउज तिच्यावर शिवले, तेही सांगा. तुमच्या वहीत हिशेब असेलच. ‘तो कामात असतो, त्याला कशाला त्रास’ हे वाक्य गिळा. मोठ्या झालेल्या मुलाला आईसाठी काही करायची जागा लागते. ती आपणच बंद करून ठेवतो, आणि मग म्हणतो, त्याला आपली पडलेली नाही.

चौकशी कमी, बातमी जास्त, एवढं लक्षात ठेवलं तरी चालेल. आणि बातमी मोठी लागत नाही. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की अख्खं नाशिक पूर कसा मोजतं? गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीवर. गुडघ्याला लागलं, कंबरेला लागलं, छातीपर्यंत आलं. पुढच्या पुरात त्याला एवढंच पाठवा : ‘पाणी मारुतीच्या छातीला.’ खाली काही विचारू नका. नाशिकचं पोर पुण्यात असो नाहीतर पार समुद्रापलीकडे, या निरोपाला उत्तर आल्याशिवाय राहत नाही. रंगपंचमीला रहाड, म्हणजे आपला रंगाचा हौद, उघडली की तिचा फोटो. गल्लीतली मांजर व्यायली, शेजारच्या आजोबांनी ऐंशीव्या वर्षी स्मार्टफोन घेतला. ज्याला उत्तर दिलं नाही तरी चालेल असा निरोप पाठवायचा, आणि मग निळ्या खुणा मोजत बसायचं नाही. ‘बघितलंस तरी बोलला नाहीस’ हे एकदा जरी लिहिलंत तर झाली पुन्हा हजेरी सुरू.

रोजचा फोन थांबवा असं मी म्हणत नाही. त्यालाच विचारा, आठवड्यातून कुठले दोन दिवस बरे. त्याने एखादा चुकवला तर चुकू द्या. पहिले दोन-तीन आठवडे नऊ वाजले की तुमचा हात फोनकडे जाईल, ते साहजिक आहे.

नोकरीची बातमी तुम्हाला बहिणीच्या मुलाकडून कळली, हे तुम्हाला लाडवांपेक्षा जास्त लागलंय. हो ना? पण कळल्यावर तुम्ही त्याला पहिला प्रश्न काय विचारलात, तोही लिहिलाय : ‘आधीची सोडलीस कशाला, चांगली तर होती.’ मला वाटतं, असं काहीसं येणार हे त्याला आधीच ठाऊक होतं. मुलं आईपासून गोष्टी लपवतात तेव्हा पुष्कळदा आईला नव्हे, तिच्या काळजीला टाळत असतात. आपली काळजी सांभाळायचं आणखी एक काम त्यांच्या डोक्यावर येतं. पुढच्या वेळी तो काही सांगेल, लग्नाचं असेल, घर बदलायचं असेल, तेव्हा पहिली दहा मिनिटं एकही प्रश्न विचारायचा नाही. ‘अरे वा, सांग ना,’ एवढंच. पगार, पीएफ, मुलीची जात, भाडं, सगळं दहा मिनिटांनंतर. घड्याळ लावून बसा हवं तर. मी बसते.

खाण्याचं म्हणाल तर पाठवणं बंद करू नका, काय पाठवायचं ते बदला. लाडू किंवा चकल्या पाठवल्या की त्याने त्या कधी आणि किती खायच्या ते तुम्ही ठरवता, आणि वर त्या नासतात. त्यापेक्षा यंदा डंकावर जाल तेव्हा त्याच्या नावाचा पाव-अर्धा किलो काळा मसाला जास्त कुटून आणा. ते मिरच्या-धणे उन्हात खडखडीत वाळवणं, दगडफूल नीट निवडणं, डंकावर नंबर लावून ठसका खात उभं राहणं, यात तुमचा हात लाडवांइतकाच आहे. पण बरणी त्याच्या फडताळात, चमचा त्याच्या हातात. एखाद्या रविवारी मित्र जमतील, रश्शाची हुक्की येईल आणि तो फोन करेल, ‘आई, खोबरं आधी भाजायचं की कांदा?’ हा फोन त्याने केलेला असेल, हे ध्यानात घ्या. आणि त्याला स्वयंपाक येतच नसेल, तर इतकी वर्षं आपण त्याला काय शिकवलं, हा प्रश्न आपण दोघींनी आपापल्या घरी जाऊन स्वतःला विचारू.

हे सगळं मी शहाणपणाने सांगतेय, पण माझी फजिती ऐका. मुलगी नोकरीला लागून कल्याणला राहायला गेली, तेव्हा एका शनिवारी न सांगता सकाळची पंचवटी एक्स्प्रेस पकडून मी तिच्या दारात. दोन पिशव्या भाजी, मेथी निवडलेली, कोथिंबीर कागदात गुंडाळलेली. तिने दार उघडलं. तिला आनंद झाला, नाही असं नाही. पण आनंद चेहऱ्यावर यायच्या आधी क्षणभर दुसरंच काहीतरी येऊन गेलं. मी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. ती अंघोळीला गेली तेवढ्यात तिचा फ्रीज रिकामा करून पुसला, आंबलेलं पीठ टाकलं, डबे लावले. बाहेर येऊन ती फ्रीजपुढे उभी राहिली आणि रडायलाच लागली. म्हणाली, ‘आई, तू आलीस की मी परीक्षेत नापास झाल्यासारखं वाटतं.’ मला वाटलं होतं, मी माया करतेय. मी तपासणी करत होते. पुढच्या वेळी गेले ती विचारून गेले आणि तिने केलेला पातळ, अळणी वरणभात जेवले. मीठ मागितलं नाही. कठीण गेलं हो! (सून असलेल्या वाचकांनी हा परिच्छेद पुन्हा एकदा वाचावा.)

तुम्ही विचारलंय, आता जवळ तरी कसं घ्यायचं, तो अंग चोरतो. चोरू द्या. निघताना पाठीवर हात, डोक्याला तेल लावू का असं विचारणं आणि ‘नको’ आलं तर ते ‘नको’ मान्य करणं, एवढं पुरतं. ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ हे आपल्या तोंडी मालिकेतलं वाटतं, तेव्हा त्याच्या नादाला लागू नका. आपली बोली आपल्याकडे आहेच. ‘पोचलास की कळव.’ ‘जातो म्हणू नये, येतो म्हणावं.’ त्यात फक्त एका गोष्टीची भर घाला. त्याचं काहीतरी तुमच्या नजरेला आलंय, हे अधूनमधून बोलून दाखवा. ‘तू नाशिक फाट्यापर्यंत गेलास त्या दिवशी, दमला असशील,’ हे अजून त्याला कुणी म्हटलेलं नाही.

तुम्ही भजनी मंडळात जा, योगाला जा, असं मी सांगणार नाही. रिकामपण बुजवायला घेतलेला छंद आठ दिवसांत कंटाळा आणतो. पण सांगायला बातमी हवी तर थोडं घराबाहेर पडावं लागेल, इतकंच.

झोपेचं मात्र मनावर घ्या. कारण नसताना रडू, रात्री दोनला जाग, छातीत धडधड, हे सगळं मुलांमुळेच असेल असं नाही. पन्नाशीच्या आसपास पाळी थांबतानाही झोप बिघडते, मन हळवं होतं. थायरॉइड, रक्त कमी असणं, हीही कारणं असतात आणि साध्या तपासणीत कळतात. आधी डॉक्टरांकडे जा. मन फारच खाली जात असेल तर १४४१६ हा सरकारी टेलिमानसचा नंबर आहे, फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलता येतं. मुलांच्या बाबतीतही एक भेद लक्षात ठेवावा. मूल आपल्याशी कमी बोलतं पण मित्रांशी हसतं, जेवतं, कामाला जातं, तर ते मोठं होतंय. सगळ्यांशीच बोलणं तोडलं, खाणं-झोपणं बिघडलं, ‘माझ्या असण्याने काय फरक पडतो’ असं म्हणायला लागलं, तर मोकळीक वगैरे सगळं बाजूला ठेवून गाडी पकडायची आणि न विचारता दारात उभं राहायचं.

हे वाचणाऱ्या मुलांसाठी एक ओळ : डबा नको असेल तर गाडी सुटायच्या आधी सांगा, महिन्याभराने नव्हे.

आता राहिली तुमची मुलगी. मुद्दाम शेवटी ठेवली, कारण तुम्हीही शेवटीच ठेवलीय. चार पानांत तिला अकरा ओळी. मी मोजल्या. अकराही तक्रारीच्या : दार लावते, उशिरा उठते, फोनवर असते, उलट बोलते, आणि लाडवांसाठी खारीक कुटून दिली तीही कुरकुर करत. म्हणजे लाडू भावाला आणि खलबत्ता हिला! आई मुलाला पदार्थ देते आणि मुलीला सूचना, हे तुमच्या एकटीच्या घरातलं नाही, माझ्याही घरात होतं. मुलीवर माया कमी असते म्हणून नव्हे. ती आपलंच पुढचं पान वाटते, म्हणून आपण तिच्यात दुरुस्त्या करत सुटतो. दार लावलं म्हणून नकोशी झाले, असं तुम्हाला वाटतं. पण त्याच दारामागे, त्याच घरात राहूनच ती मोठी होतेय, तिला पुणं मिळालेलं नाही. टकटक करा. आतून ‘ये’ येईपर्यंत थांबा.

आणि दहाव्या ओळीत तो ब्लाउज आहे. कॉलेजच्या साडी दिवसासाठी तुम्ही तिला रात्री जागून शिवून दिलात, वहीतल्या दोन वर्षांपूर्वीच्या मापावर. मुंढ्यात घट्ट झाला. ती म्हणाली, ‘आई, तू मला विचारलंच नाहीस.’ आणि तुम्ही लिहिलंय, एवढ्यासाठी एवढा तमाशा!

गिऱ्हाईक दोन वर्षांनी आलं तर तुम्ही जुन्या मापावर कात्री लावाल का?

लग्नघरचं काम उरकलं असेल तर या रविवारी तिला हाक मारा. टेप घ्या. तिला उजेडात उभी करा आणि सावकाश माप घ्या, खांदा, मुंढा, छाती, कंबर, दंडघेर. वजनाबद्दल बोलू नका, अभ्यासाबद्दल नको, केसांबद्दल तर नकोच. इतकी जवळ ती किती दिवसांनी उभी राहील तुमच्या. गळा मागून किती खोल हवा, बाही कोपराच्या वर की खाली, ते तिचं तिला ठरवू द्या, तुम्हाला आवडलं नाही तरी. त्या घट्ट ब्लाउजची बगल उसवून बघा, आत तुम्ही ठेवलेली असणारच. आणि वहीतलं जुनं माप खोडून नवीन लिहा, पुढे तारीख घालायला विसरू नका.